मॉडेल कारची दारं कापायला हुकवाला स्क्राइबर, घ्यावा की नाही

दारं, बोनेट, डिकी उघडणारी करायचा नाद असेल तर घ्या, डोळे झाकून घ्या. नुसत्या पॅनल लाइन (बॉडीवरच्या जोडांच्या कोरलेल्या रेषा) थोड्या खोल करायच्या असतील तर नको, त्या कामाला हा जाड पडतो.

हा म्हणजे प्लास्टिकमध्ये खाच पाडायचं हत्यार, पी-कटर टाइप, टोकाला आकड्यासारखं वळलेलं पातं असतं आणि तो ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा. साध्या सुरीने कापलं ना की प्लास्टिक निघत नाही, फक्त दोन्ही बाजूंना दाबलं जातं आणि खाचेच्या कडेला उंचवटे येतात. हा मात्र दर ओढीला खाचेतून बारीक गुंडाळी काढतो. पहिले काही हात अगदी हलके, जवळपास पात्याच्या वजनावर, कारण जोर लावला की पातं रेषेतून उडतं आणि फेंडरवर ओरखडा पडलाच म्हणून समजा. किटची मूळ रेष उथळ असेल तर बाजूला जाड लेबल टेप चिकटवून तिच्या कडेने ओढा.

खाच पुरेशी खोल गेली की पांढरी बॉडी लाइटसमोर धरा, रेष उजळ दिसायला लागते. तिथे थांबायचं आणि उरलेला पातळ पापुद्रा सुरीने सोडवायचा. आरपार होईपर्यंत हाच चालवत बसलात तर शेवटच्या हाताला दाराची कड चिरते.

आता तक्रारी. वळणावर हा साफ नापास. दाराचा खालचा गोल कोपरा, चाकाच्या कमानीजवळचा भाग, तिथे हॉबी सुरीच्या 11 नंबरच्या टोकदार पात्याची उलटी बाजूच बरी, नाहीतर कोपऱ्यात बारीक भोक पाडून शिवणाचा दोरा ओवायचा आणि करवतीसारखा पुढेमागे ओढायचा (सावकाश, घाईत दोरा तापतो आणि प्लास्टिक वितळून परत चिकटतं). दुसरं म्हणजे फट रुंद होते. 1/24 स्केलला (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल) अर्धा मिमी म्हणजे खऱ्या गाडीत 12 मिमी, एवढ्या फटीचं दार कुठल्या शोरूममध्ये दिसणार! त्यामुळे दाराच्या कडेला स्टायरीनची (प्लास्टिकची) पातळ पट्टी चिकटवून घासावी लागतेच, आणि त्यात रंगाच्या थरालाही जागा ठेवावी लागते, नाहीतर रंग दिल्यावर दार अडकतं. फोटो-एच करवतीने (रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या पत्र्याची करवत) फट बारीक राहते हे खरं, पण तिचं पान लगेच वाकतं आणि खोलगट भागात ती पोचतच नाही, म्हणून सरळ लांब रेषांना मी तरी हाच वापरतो.

अजून एक, दोन्ही दारं एकदम काढू नका. दारं गेली की त्यांच्या खालच्या बॉडीच्या पट्ट्या लगेच लवचिक होतात, तर आधी आतून आडवी जाड पट्टी चिकटवून बॉडी पक्की करा, मगच दुसरं दार.

पाच पैकी चार. सुटी पाती मिळत असतील तेच मॉडेल घ्या, बोथट हुक प्लास्टिक कापत नाही, खरवडतो.