राजारामपुरीतला वीकेंड क्लास: एरर करेक्शन आणि बेज एकत्र, लई भारी

इंजिनिअरिंगला एरर करेक्टिंग कोड (वाटेत बिट बिघडले तरी मूळ मेसेज परत काढता यावा म्हणून जास्तीचे बिट घालायची पद्धत) एका सेमला आणि बेजचं स्टॅटिस्टिक्स (आधीची माहिती आणि नवा डेटा एकत्र धरून शक्यता काढायची रीत) दुसऱ्याच सेमला, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय ते कोण सांगतच नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या छोट्या क्लासमध्ये नेमकं तेच शिकवतात आणि मनापासून सांगतो, जबरदस्त शिकवतात.

सरांचं फळ्यावरचं उदाहरण बघा. 0 पाठवायचा असेल तर 000 पाठवायचं, 1 असेल तर 111. वाटेत प्रत्येक बिट उलटा व्हायचा चान्स 10 टक्के. पोचलं 010. मेजॉरिटीनं उत्तर 0, सगळ्यांना पटलं. मग सर म्हणाले, पाठवणारा शंभरातल्या 95 वेळा 1 च पाठवतो हे आधीच माहीत असेल तर? 010 यायची शक्यता 0 पाठवला तर 0.9 × 0.1 × 0.9 म्हणजे 0.081, आणि 1 पाठवला तर 0.1 × 0.9 × 0.1 म्हणजे 0.009. आता 0 साठी 0.05 गुणिले 0.081 आणि 1 साठी 0.95 गुणिले 0.009, म्हणजे 1 असायची शक्यता जवळजवळ 68 टक्के! आलं तेच 010, पण उत्तर उलटं. मेजॉरिटी म्हणजे 0 आणि 1 सारखेच शक्य धरलेला बेजच की ओ!

फरकही तेवढाच नीट सांगितला. कोडमध्ये जास्तीचे बिट आपणच ठरवून घालतो, त्यामुळं कुठले शब्द येऊ शकतात ते पक्कं माहीत असतं, पण राजाराम बंधाऱ्याच्या रीडिंगवरून पंचगंगेची खरी पातळी काढायची म्हटलं तर नदी काय कोड करून पाठवत नाही, तिथं प्रायर, म्हणजे डेटा बघायच्या आधीचा अंदाज, आपल्यालाच धरायला लागतो आणि तो चुकला आणि डेटा थोडाच असला की उत्तरपण घसरतंय. शिवाय डिकोडरला (आलेल्या बिटांवरून मूळ शब्द ओळखणाऱ्याला) शेवटी एकच शब्द द्यायचा असतो, बेजमध्ये अख्खं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे कुठलं उत्तर किती शक्य ते सगळं, हातात येतं.

एलडीपीसी (लो डेन्सिटी पॅरिटी चेक) या एरर करेक्टिंग कोडचा भाग तर नाद खुळा. रॉबर्ट गॅलेगर या संशोधकानं 1960 च्या सुमारास काढलेले, मग कितीतरी वर्षं बाजूला पडलेले आणि आज 5जी च्या डेटा चॅनलमध्ये तेच आहेत, आणि त्यांचं डिकोडिंग म्हणजे प्रत्येक बिटाची शक्यता बेजच्या नियमानं परत परत सुधारत जायची.

रीड-सॉलोमन हा दुसरा एरर करेक्टिंग कोड मात्र घाईत उरकला. तो क्यूआर कोडमध्ये वापरतात, आणि त्याच्या एच लेव्हलला (दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी) साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी चालतो एवढं सांगितलं, पण फायनाइट फील्ड (मोजक्याच संख्यांचं गणित, ज्यावर हा कोड उभा आहे) न शिकवता ते कसं कळणार? तिथं अजून एक लेक्चर पाहिजेच.

नोट्स मराठी-इंग्रजी मिक्स आहेत, वाचायला सोप्या. जाणार असाल तर कंडिशनल प्रोबॅबिलिटी (एक गोष्ट घडली हे धरून दुसरीची शक्यता) आधी घरी पक्की करून जावा, सर तिथं थांबत नाहीत.