स्मॅशवाली, नेटवाली की मधली? बॅडमिंटन रॅकेट घेण्याआधी

रॅकेट कोणती घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, डबल्सला तुम्ही जास्त वेळ कुठे असता, मागे की नेटवर? बजेट नंतर, ब्रँड त्याच्याही नंतर. कारण नाशकात आपण बहुतेक जण खेळतो ते डबल्सच, कोर्टवर चार जण आणि बाहेर बाकावर सहा जण घड्याळाकडे बघत बसलेले, सिंगल्सला कोर्ट देतंय कोण. आणि तरी दुकानात गेलं की माणूस डेन्मार्कच्या ॲक्सेलसनची रॅकेट मागतो, जो सिंगल्सवाला आहे आणि उंचीला सहा फूट चार इंच.

तर ही तुलना डबल्स खेळणाऱ्या साध्या माणसाच्या हिशोबाने. योनेक्सची नावं जास्त येतील, कारण इकडच्या किटबॅगांमधून तीच जास्त डोकावतात.

आधी आकडे उरकून घेऊ. हँडलच्या वर जो कोन, म्हणजे निमुळता भाग, असतो त्यावर बारीक अक्षरात ४यू जी५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४.९, ५यू ७५ ते ७९.९, आणि एफ ७० ते ७४.९, हे सगळं गटिंग, म्हणजे तारा, न धरता. जी म्हणजे मुठीची जाडी, योनेक्समध्ये आकडा वाढला की मूठ बारीक होते, म्हणजे जी५ ही जी४ पेक्षा बारीक. हात मोठा असेल तरी बारीक मूठच घ्या, वरून ओव्हरग्रिपची पट्टी गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ तासून बारीक कोण करणार.

आता खरा मुद्दा, बॅलन्स. खालच्या टोकापासून मोजत गेलं की रॅकेट बोटावर जिथे तोलून राहते तो बॅलन्स पॉइंट. ढोबळमानाने २९५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर हेड हेवी, २८५ च्या आत असेल तर हेड लाइट, मधली ती इव्हन. हेड हेवीचं काम कुऱ्हाडीसारखं, वजन पात्यात असल्यामुळे घाव चांगला बसतो, पण कुऱ्हाडीने माशी मारता येत नाही, आणि डबल्समधल्या ड्राइव्हज, नेटवरून सपाट येणारे फटके, म्हणजे अंगावर येणाऱ्या माश्याच की. एक गंमत सांगतो, ओव्हरग्रिप चढवली की मुठीकडे थोडे ग्रॅम वाढतात आणि तीच रॅकेट हलक्या डोक्याची वाटायला लागते. जाड टॉवेल ग्रिप लावून वर 'हेड हेवी आहे पण जोरच लागत नाही' म्हणणारे भरपूर भेटतात.

दुसरी गोष्ट शाफ्ट, म्हणजे हँडल आणि डोकं जोडणारी बारीक दांडी. शाफ्ट वाकून परत सरळ होताना जोर देतो. ज्याचा हात फास्ट आहे त्याला कडक शाफ्ट, कारण मऊ शाफ्ट त्याच्या वेगाला पुरत नाही, शटल भलतीकडेच जातं. ज्याचा हात मध्यम आहे त्याला मीडियम शाफ्ट फुकटात मदत करतो. कडक शाफ्ट मध्यम हाताच्या माणसाने घेतला तर तो वाकतच नाही, सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो आणि दोन महिन्यांत कोपर बोलायला लागतं.

या दोन गोष्टी एकमेकांत मिसळू नका म्हणून सांगतो. दुकानदार 'पॉवर रॅकेट' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेड हेवी आणि कडक दोन्ही एकत्र असतं आणि आपल्याला फरक कळत नाही नक्की कशामुळे जमतंय किंवा जमत नाहीये. म्हणून पहिली जोडी मी मुद्दाम अशी घेतो जिथे शाफ्ट दोन्हींचा मीडियम आहे आणि फरक फक्त डोक्याच्या वजनाचा: ॲस्ट्रॉक्स ७७ प्रो (हेड हेवी) आणि नॅनोफ्लेअर ७०० (हेड लाइट).

७७ ने मागून टॉस, म्हणजे उंच लांब फटका, मारताना आराम वाटतो, उशीर झाला तरी शटल मागच्या लाइनपर्यंत जातं, स्मॅशला वजन जाणवतं. पण समोरच्याने अंगावर स्मॅश मारला की रॅकेट उचलून समोर आणेपर्यंत शटल टी-शर्टला लागून खाली पडलेलं असतं, निदान सुरुवातीला. ७०० चं बरोबर उलट आहे, डिफेन्सला हात आपोआप जागेवर येतो, ड्राइव्हला मजा येते, नेटवर सर्व्हिस परत करताना आधी पोचता, पण मागच्या कोपऱ्यातून बॅकहँड टॉस मारायचा म्हटला की अर्ध्यातच पडतो, तिथे टायमिंग तुमचं तुम्हालाच आणावं लागतं. माझं मत विचाराल तर क्लबमधल्या दहातल्या सहा-सात जणांनी ७०० च्या बाजूला जावं, कारण आपले पॉइंट स्मॅश न बसल्याने कमी आणि डिफेन्सला हात न पोचल्याने जास्त जातात. पण हे कोणाला पटत नाही, स्मॅशचा आवाज सगळ्यांना हवा असतो.

त्यावर एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. २०२३ मध्ये आपला डबल्सवाला सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी, म्हणजे सात्त्विक, याने ५६५ किलोमीटर ताशी वेगाच्या स्मॅशचा गिनीज रेकॉर्ड केला, मॅचमध्ये नाही, जपानमध्ये योनेक्सच्या कारखान्यात घेतलेल्या चाचणीत. त्या वेळी हातात होती नॅनोफ्लेअर १०००झेड, म्हणजे हेड लाइट घराण्यातली. आधीचा रेकॉर्ड ४९३ होता, २०१३ चा. म्हणजे वेग येतो तो रॅकेट किती झपकन फिरते त्यातून, डोकं जड असलं की वेग आलाच असं नाही. अर्थात १०००झेडचा शाफ्ट एक्स्ट्रा कडक आहे आणि तो सात्त्विकच्या हाताला शोभतो, आपण उगाच त्या नादाला लागू नये, त्याच नावाची प्ले किंवा गेम आवृत्ती बघावी, ती स्वस्तही आणि हाताला सोपीही.

दुसरी जोडी ज्यांचा पार्टनर पक्का आहे त्यांच्यासाठी. ॲस्ट्रॉक्स ८८डी आणि ८८एस. आपल्याकडे पुष्कळ जण डी म्हणजे डबल्स आणि एस म्हणजे सिंगल्स समजून विकत घेतात, तसं नाहीये, दोन्ही डबल्सच्याच आहेत, डी मागून ठोकणाऱ्याची आणि एस पुढे नेट सांभाळणाऱ्याची. दोन्हींचा शाफ्ट कडक, एसचं डोकं डीपेक्षा हलकं फिरतं. सात्त्विक मागून आणि त्याचा पार्टनर चिराग शेट्टी पुढे असं चित्र डोळ्यासमोर आणा (ते दोघेही जागा बदलत राहतात, पण अंदाज यावा म्हणून). आता क्लबात अडचण अशी की पार्टनर रोज बदलतो, जो आला तो आपला, मग कधी मागे कधी पुढे. अशा माणसाने डी घेऊ नये. एस घेतली तर मागूनही भागतं, डी घेऊन पुढे भागत नाही.

सिंगल्स खरंच खेळत असाल, म्हणजे पोरगं अकॅडमीत जातंय वगैरे, तर तुलना ॲस्ट्रॉक्स १००झेडझेड आणि आर्कसेबर ११ प्रो अशी करा. १००झेडझेड ॲक्सेलसनमुळे गाजलेली, हेड हेवी आणि एक्स्ट्रा कडक, मारली तर खणखणीत, नाही बसली तर काहीच नाही. आर्कसेबर इव्हन बॅलन्स, शाफ्ट कडक पण १००झेडझेडइतका नाही, शटल क्षणभर तारांवर थांबल्यासारखं वाटतं आणि मग ड्रॉप, स्लाइस, लाइनवरचा टॉस सगळं हवं तिथे पडतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला १००झेडझेड देणारे पालक बघितलेत, कोच डोक्याला हात लावतो. वाढत्या वयात खांद्याला तो भार कशाला. आर्कसेबरही महाग आहे म्हणा, प्रो घ्यायची तर दहा हजारांच्या वरचं काम.

बजेट दोन-तीन हजार असेल तर निवड सोपी आहे. नॅनोरे लाइट १८आय किंवा ॲस्ट्रॉक्स लाइट २७आय, दोन्ही ५यू, दोन्ही ग्रॅफाइट. नॅनोरे हलक्या डोक्याच्या घराण्यातली, ॲस्ट्रॉक्स जड डोक्याच्या, पण एवढ्या कमी वजनात फरक वर सांगितला तितका टोकाचा राहत नाही. नव्याने सुरू करताय तर यातली कोणतीही घ्या आणि उरलेल्या पैशांत बूट घ्या, खरे बॅडमिंटनचे, जॉगिंगचे नाही. हजाराच्या आतली ॲल्युमिनियम फ्रेमवाली फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला.

ली-निंगमध्ये शोधताय तर ॲक्सफोर्स म्हणजे जोराची, ब्लेडेक्स वेगाची, हॅल्बर्टेक मधली. व्हिक्टरमध्ये थ्रस्टर जोराची, ऑरास्पीड वेगाची, ड्राइव्हएक्स मधली. गट तेच, नावं वेगळी. ली-निंगची विंडस्टॉर्म ७२ मात्र वेगळी सांगतो, ७२ ग्रॅमची आहे, पन्नाशी ओलांडलेले आणि खांदा धरलेले आमचे काका लोक तिच्यावर खूश असतात, शटल खूप दूर जात नाही पण दुसऱ्या दिवशी हात वर होतो.

आता गटिंग, ज्यावर कोणी पैसे घालवत नाही आणि खरा फरक तिथेच असतो. बीजी ६५ ची तार ०.७० मिलिमीटर जाड, टिकते भरपूर, आवाज जरा बोदा. बीजी ६६ अल्टीमॅक्स ०.६५ ची, टणत्कार छान, शटल उडतं, पण तुटतेही लवकर, फ्रेमजवळ चुकीचा फटका बसला की गेलीच. नेटवर खेळणारा आणि मोजकं मारणारा असेल तर ६६ परवडते, मागून धोपटणारा असेल तर ६५ शिवाय त्याचं महिन्याचं गणित बसणार नाही. टेन्शनचं, म्हणजे तारा किती ताणायच्या याचं, म्हणाल तर २२ ते २४ पाउंड नवीन माणसाला, २४ ते २६ रोज खेळणाऱ्याला. प्रो लोक ३० घेतात म्हणून आपण ३० घ्यायचं नसतं, टेन्शन वाढलं की तारांचा गोड भाग, जिथे फटका नीट बसतो तो, लहान होतो आणि शटल ढकलायला हात फास्ट लागतो. चार हजारांची रॅकेट आणि नीट २४ ची गटिंग ही पंधरा हजारांची रॅकेट आणि सैल गटिंग हिला भारी पडते, हे कोर्टवर कधीही करून बघा. गटिंग इलेक्ट्रॉनिक मशीनवर करणाऱ्याकडेच द्या, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बाजूला असे लोक सापडतात, थोडं विचारावं लागतं.

नाशिकचा एक वेगळा हिशोब आहे तो म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्र्याच्या हॉलमध्ये शटल जड झाल्यासारखं पुढेच जात नाही, थंड हवा दाट असते म्हणून. तेव्हा हेड लाइटवाले कुरकुर करतात की रॅकेट बिघडली, टॉस पोचत नाही. रॅकेट नाही, शटल बदला. योनेक्सचं नायलॉनचं मॅव्हिस ३५० शटल खेळत असाल तर हिरव्या पट्टीचं स्लो, निळ्याचं मीडियम, लालचं फास्ट. उन्हाळ्यात हिरवं चालतं, थंडीच्या पहाटे निळं घ्यायचं. फक्त जानेवारीतल्या अनुभवावरून हेड हेवी घेऊ नका, एप्रिलमध्ये तीच रॅकेट नकोशी होईल.

घेण्याआधी एकच करा, ज्याच्याकडे ती रॅकेट आहे त्याच्याकडून एक पूर्ण गेम मागून खेळा. दुकानात हवेत फिरवून काहीही कळत नाही, हवेत सगळ्याच छान वाटतात. आणि तो गेम पहिला नको, तिसरा घ्या, हात दमल्यावरच डोक्याचं वजन खरं बोलतं. मागताना फक्त लक्षात ठेवा, डबल्समध्ये पार्टनरच्या रॅकेटवर आपटून फ्रेम तडकली तर वॉरंटी साधारण मिळत नाही, त्यामुळे उसनी रॅकेट घेऊन मधल्या शटलवर झेप घेऊ नये, ते पार्टनरला सोडून द्यावं.

आणि निम्म्या किमतीत १००झेडझेड देतो म्हणणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यापासून लांब राहा. नकली माल भरपूर आहे, रंग हुबेहूब असतो. होलोग्राम आणि कोनवर कोरलेला नंबर बघा, बिल मागा, आणि बिल देताना समोरचा अडखळला तर तिथूनच परत फिरा.