मस्टँग जीटीवर एनओएसचा वेट प्लेट नायट्रस संच: परीक्षण

२०१५ ते २०१७ या वर्षांतील फोर्ड मस्टँग जीटीच्या पाच लिटर 'कोयोटी' इंजिनाची मूळ ताकद ४३५ अश्वशक्ती आहे. ती वाढवण्याचे जेवढे मार्ग बाजारात आहेत, त्यांत इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडण्याचा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा. इंजिनात दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर बसवायचा म्हटले की काही हजार डॉलर आणि बॉनेटखालची अर्धी जागा गेलीच. नायट्रसचा मूळ संच मात्र हजार डॉलरच्या आगेमागे मिळतो. टेक्ससमध्ये राहून अशी गाडी चालवणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, नेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मी हा संच तपासला आहे. माझे मत असे, की संच उत्तम आहे आणि तो जरूर घ्यावा; पण जवळपास तेवढेच पैसे त्याच्या जोडीच्या सामानावर आणि ट्यूनिंगवर (इंजिनाच्या संगणकाची मापे जुळवून घेण्यावर) खर्च करण्याची तयारी असेल तरच.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. त्यात वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, तर हवेत तो २३ टक्के असतो. इंजिनातील उष्णतेने सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर या वायूचे विघटन होते आणि मोकळ्या झालेल्या ऑक्सिजनमुळे त्याच सिलिंडरात अधिक पेट्रोल जाळता येते. शिवाय बाटलीत दाबाखाली द्रवरूप असणारा आणि उणे ८८ अंशांना उकळणारा हा वायू मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, शिरताच आत येणारी हवा थंड आणि घट्ट करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने विरळ हवेत इंजिनाची ताकद टिकवण्यासाठी 'जीएम-१' या नावाने हीच युक्ती वापरली होती. एनओएस ही कंपनी १९७८ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि १९९९पासून ती केंटकीतील हॉली या कंपनीच्या मालकीची आहे; निळी बाटली ही तिची ओळख आता साऱ्या धंद्याची ओळख होऊन बसली आहे.

नायट्रसच्या संचाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. ड्राय प्रकारात केवळ नायट्रस सोडला जातो आणि वाढीव पेट्रोलाची जबाबदारी गाडीच्या इंजेक्टरांवर टाकली जाते. डायरेक्ट पोर्ट प्रकारात प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र नोझल असते; तो शर्यतीच्या गाड्यांसाठी ठीक आहे. वेट प्रकारात नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकाच ठिकाणाहून, मोजून, एकत्र सोडले जाते, आणि शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या वाढीसाठी माझ्या मते हाच सर्वांत समजूतदार पर्याय आहे. या संचातील प्लेट म्हणजे थ्रॉटल बॉडी (हवा आत घेणारी झडप) आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसणारी ॲल्युमिनियमची एक चकती. तिचे यंत्रकाम पाहण्यासारखे आहे: कडा गुळगुळीत, गॅस्केट तंतोतंत बसणारे, आणि गाडीचा मूळ पाइप किंवा एअर फिल्टरचा डबा न कापता ती बसते. ताकद किती वाढवायची हे पितळी जेटवर, म्हणजे प्रवाह मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यावर, ठरते. प्रत्येक जेटवर छिद्राचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात कोरलेला असतो, आणि नायट्रस व पेट्रोल यांच्या जेटची जोडी तक्त्याप्रमाणेच लावावी लागते. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन जेटांची अदलाबदल झाली तर इंजिनाला मुकावे लागेल, म्हणून ते भिंगाखाली वाचून मगच बसवावेत.

जोडणीचे काम हातात पाना धरता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे आहे. बाटली डिकीत आडवी ठेवताना तिचा व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला, लेबल वर आणि व्हॉल्व्हकडची बाजू किंचित उंच असावी लागते, कारण आतील शोषक नळीचे टोक मागच्या बाजूला तळाशी असते आणि गाडी उसळी घेते तेव्हा द्रव तिकडेच जमतो. पोलादी जाळीचा होज गाडीच्या पोटाखालून नेताना तो एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट आणि बॅटरीची वायर यांपासून दूर ठेवावा. सोलेनॉइडच्या (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी न गुंडाळता टेफ्लॉनची पेस्ट लावावी, तीही पहिले एक-दोन आटे सोडून. पट्टीचा तुटलेला धागा सोलेनॉइडच्या आसनावर अडकला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि इंजिन बंद असतानाही नायट्रस झिरपत राहतो. फ्लेअर पद्धतीच्या जोडांना मात्र काहीच लावायचे नसते. होज सोलेनॉइडला जोडण्यापूर्वी त्याच्या तोंडावर फडके धरून बाटली क्षणभर उघडावी, म्हणजे आतला कचरा बाहेर पडतो. हे काम करताना जाड हातमोजे आणि चष्मा घालायलाच हवा, कारण या द्रवाने कातडी क्षणात गोठते.

विजेच्या जोडणीत काटकसर करू नये. या गाडीचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असल्याने, पॅडल तळाला गेल्याशिवाय नायट्रस सुटू नये यासाठी थ्रॉटल सेन्सरचा विद्युतदाब वाचणारा स्विच लागतो. त्याच्या जोडीला इंजिनाचे फेरे ओळखणारा विंडो स्विच हवाच हवा. मी तो मिनिटाला ३,२०० ते ६,७०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवला आहे. याहून खाली नायट्रस सुटला तर पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये साचते, आणि एका उलट्या भडक्यात प्लास्टिकच्या मॅनिफोल्डच्या चिंध्या होतात. वरची मर्यादा तितकीच महत्त्वाची: इंजिनाचा लिमिटर स्वतःच्या इंजेक्टरांचे पेट्रोल तोडतो, परंतु नायट्रस चालूच राहतो. तिसरा पहारेकरी म्हणजे पेट्रोलाचा दाब घसरताच सोलेनॉइड बंद करणारा स्विच. मूळ संचात हे सगळे असतेच असे नाही, आणि बाटलीचा हीटर, दाबमापक, पर्ज व्हॉल्व्ह व ब्लो-डाउन नळी (सुरक्षा पडदा फुटल्यास वायू गाडीबाहेर नेणारी) तर बहुतेक सर्वच उत्पादक वेगळी विकतात. हे सामान ऐच्छिक म्हणून विकले जाते, याला माझा स्पष्ट आक्षेप आहे.

हा आक्षेप कशासाठी, ते बाटलीच्या दाबाकडे पाहिले की कळते. तक्त्यातील जेट ९०० ते ९५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब गृहीत धरून दिलेले असतात. २१ अंश सेल्सिअसला बाटलीतील दाब जेमतेम साडेसातशे पीएसआय असतो. तेवढ्यावर गाडी सोडली तर नायट्रस कमी, पेट्रोल मात्र ठरल्याइतकेच, म्हणजे मिश्रण गडद होते आणि गाडी अडखळते. उलट दाब हजाराच्या बराच वर गेला तर नायट्रस जास्त सुटतो, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येऊ शकते. टेक्ससच्या उन्हाळ्यात ही दुसरी भीती खरी आहे. ३६.४ अंश हे या वायूचे क्रांतिक तापमान. त्याच्या वर बाटलीत द्रव म्हणून काही उरतच नाही, आणि दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत एवढे तापमान व्हायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात ओला टॉवेल, दोन्ही जवळ लागतात. दाबमापक डॅशबोर्डवरून वाचता येईल असा असावा. धाव सुरू असताना काटा हळूहळू खाली सरकतो तो याचमुळे, की द्रव उकळताना स्वतःच थंड होत जातो. हॉटेलच्या मोठ्या शेगडीला लावलेल्या गॅस सिलिंडरवर दव धरते तसाच हा प्रकार. धाव संपल्यावर सोलेनॉइडच्या पितळी जोडावर पांढरे हिव साचलेले दिसते. हीटर दाबावर चालणाऱ्या स्विचला जोडावा, आणि बाटलीला आगीची झळ कधीही, कोणत्याही कारणाने देऊ नये.

पर्ज व्हॉल्व्हला पुष्कळ लोक देखावा समजतात. बॉनेटजवळून उडणारा पांढरा फवारा दिसायला देखणा असतो हे खरे. परंतु डिकीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या लांब होजमध्ये अडकलेली वाफ बाहेर काढून तेथपर्यंत द्रव आणणे हे त्याचे काम आहे. ते केले नाही तर पहिला क्षणभर प्लेटमधून नुसती वाफ आणि पूर्ण पेट्रोल येते, आणि गाडी सुटतानाच गचका देते.

ट्यूनिंगशिवाय हा संच चालू करू नये. शंभर अश्वशक्तीच्या जेटसाठी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, साधारण चार अंश मागे घेतात. दर पन्नास अश्वशक्तीला दोन अंश हा रूढ हिशेब आहे. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) आणि फट ०.०३० इंचाच्या आसपास, पेट्रोल ९३ ऑक्टेन, आणि नायट्रस सुरू असताना हवा-पेट्रोलाचे प्रमाण ११.५ ते १२ यांदरम्यान. कोयोटीचे कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचे प्रमाण) मुळातच ११ असल्याने येथे चालढकल महागात पडते. धावेनंतर प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर नीट पाहावे: चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे आणि तेथेच थांबायला हवे.

आता फळ काय मिळाले ते सांगतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, शंभरच्या जेटने चाकांवरची वाढ नव्वद अश्वशक्तीच्या घरात आली, आणि आलेखाची रेघ कोठेही न थरथरता वर गेली. डलासच्या दक्षिणेला एनिस येथे टेक्सस मोटरप्लेक्स ही १९८६ साली उघडलेली, संपूर्ण पाव मैल काँक्रीटची स्ट्रिप आहे. तेथे माझी गाडी बारा सेकंदांच्या उत्तरार्धातून अकराच्या उत्तरार्धात आली. पॅडल दाबले आणि फेरे ३,२००वर पोहोचले, की मागून कोणी तरी रेटा द्यावा तसा धक्का बसतो, आणि तो सुपरचार्जरसारखा चढत जात नाही, एकदम येतो. थंड टायरवर त्याचा भरवसा धरता येत नाही. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए हिच्या नियमांनुसार बाटलीवर १,८०० पौंडांच्या क्षमतेचा डीओटी (अमेरिकी परिवहन खाते) शिक्का हवा आणि ती बसण्याच्या जागेत असेल तर तिचा सुरक्षा मार्ग गाडीबाहेर काढलेला हवा. तपासनीस तेच आधी पाहतात. बाटलीचा सुरक्षा पडदा सुमारे ३,००० पीएसआयला फुटतो; बंद गाडीत तो फुटला तर आतील हवाच हटते, म्हणून ब्लो-डाउन नळीबाबत तडजोड नसावी.

चालू खर्च विचारात घ्यावा. शंभर अश्वशक्तीसाठी दहा सेकंदांना सुमारे एक पौंड नायट्रस लागतो. दहा पौंडांच्या बाटलीतून हिशेबाने दहा धावा व्हायला हव्यात. पण शेवटचे दोन-तीन पौंड मी वापरत नाही, कारण तेवढ्यावर दाब टिकत नाही. भरण्याच्या दुकानांबाबत सावध राहावे. एका दुकानाने माझी बाटली काट्यावर न ठेवताच भरून दिली आणि पूर्ण दहा पौंडांचे पैसे घेतले. घरी वजन केले तेव्हा ती बरीच उणी निघाली. रिकाम्या बाटलीचे वजन लिहून ठेवावे आणि भरल्यावर दुकानातच ती तोलून घ्यावी. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये कोणी तो हुंगू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, तेव्हा गळती असेल तर उग्र वासाने लगेच कळते. बाटलीची दाबचाचणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते.

पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून विचारणा होते, म्हणून एवढे सांगतो. २०१६ साली भारतात आलेली मस्टँग जीटी हेच इंजिन घेऊन आली, तरीही मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या बंदिस्त जागाच या कामासाठी योग्य आहेत. अमेरिकेतही कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीसाठी राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी असलेलाच संच लागतो, तेव्हा खरेदीपूर्वी मंजुरी क्रमांक पाहून घ्यावा.

घेणाऱ्याला माझा सल्ला असा: आधी शंभरच्या जेटने चालवावे, हीटर, दाबमापक, विंडो स्विच आणि ब्लो-डाउन नळी पहिल्याच खरेदीत घ्यावी, आणि मूळ पिस्टन व कनेक्टिंग रॉड असेपर्यंत दीडशेचे जेट पिशवीतच राहू द्यावेत.