बरडाच्या रानात तूर की ज्वारी?

भाच्यानं विचारलं, "मामा, बरडावर यंदा तूर टाकू की ज्वारी?" बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय ते सोड, हलक्या जमिनीत मुळं काय करतात ते बघ.

आधी स्फुरद (फॉस्फरस). तो जमिनीत जागचा फारसा हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. तुरीचं सोटमूळ खोल उतरतं आणि पिसिडिक आम्ल नावाचा पदार्थ सोडून लोहाला चिकटलेला स्फुरद मोकळा करतं. ही करामत गडचिरोलीकडच्या तांबड्या मातीत जास्त कामाची. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद चुन्याशी बांधलेला, तिथं फायदा थोडाच. ज्वारीची वाट वेगळी: तंतुमुळांचं जाळं आणि मायकोरायझा बुरशीशी, म्हणजे मुळांना स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीशी, भागीदारी. स्फुरद कमी पडला की तिची मुळं स्ट्रिगोलॅक्टोन हे इशाऱ्याचं रसायन सोडून बुरशीला बोलावतात. पण त्याच हाकेनं टारफुल्याचं, ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं, बीही जागं होतं! टारफुल्याच्या रानात भुकेली ज्वारी म्हणजे स्वतःहून ओढवलेलं संकट.

नत्रात तुलनाच नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात (गाठ फोडून बघ, आत गुलाबी असेल तर काम चालू आहे). ज्वारीला तो द्यावाच लागतो.

पाणी साचलं तर तूर लवकर मान टाकते, ज्वारी त्यामानानं तगते.

निचऱ्याचं रान, खताला पैसा कमी आणि सहा महिने थांबायची तयारी असेल, तर तूर. बैलांना कडबा हवा, रान लवकर मोकळं हवं आणि टारफुला नसेल, तर ज्वारी. युरियाचा खर्च मात्र धरून ठेव.