पायलिंग की स्टोन कॉलम? खाडीकाठच्या पुनर्विकासाआधी

वाशी-कोपरखैरणेत पुनर्विकासाची बैठक भरली की कार्पेट एरियावर तासभर खडाजंगी होते आणि मातीचा रिपोर्ट पाच मिनिटांत हातावेगळा होतो. खरं तर आधी तोच उघडायला हवा. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीत नवी मुंबईचा हा परिसर भूकंपक्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि आपली बरीच वस्ती भरावावर.

समुद्रकिनारी ओल्या वाळूत पाय हलवत राहिलं की पाय आत जातो, तसंच भूकंपात होतं. सैल वाळूचे कण दाटून बसू पाहतात, पण मधलं पाणी तेवढ्या झटपट निघत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते, जमीन पातळ होते. 1964 साली जपानच्या निईगातात इमारती न मोडता आख्ख्याच्या आख्ख्या कलंडल्या. आपल्या खाडीचा काळा चिखल सहसा असा पातळ होत नाही, तो हळूहळू खचतो. धोका आहे तो भूजल पातळीखालच्या सैल वाळूचा, मग ती भरावातली असो वा खालच्या थरातली. म्हणून बोअरिंगच्या तक्त्यात 'वाळू' लिहिलंय तिथली एन व्हॅल्यू, म्हणजे चाचणीची नळी जमिनीत ठरावीक खोल जायला लागलेल्या हातोड्याच्या ठोक्यांची संख्या, आधी बघा. ती जितकी कमी, तितकी काळजी जास्त.

टॉवर बांधायचा तर पायलिंग, म्हणजे जमिनीत खोल घातलेले काँक्रीटचे खांब (पाइल), हवंच. इमारतीचं वजन थेट खडकावर जातं. पण पाइल घातले म्हणजे झालं, असं नाही. 2001च्या भूज भूकंपात कांडला बंदरातला कार्यालयाचा टॉवर कलला, तोही 18 मीटर लांबीच्या पाइलवर होता. त्यांची टोकं खडकावर नव्हे, वाळूत होती. शिवाय पाइल इमारत धरतात, भोवतालची जमीन धरत नाहीत.

स्टोन कॉलममध्ये खडीचे खांब जमिनीत ठोकतात. आजूबाजूची वाळू दाटते आणि पाण्याला वाट मिळते. चार-पाच मजल्यांना किंवा गोदामाला मला हेच जास्त पटतं. मऊ चिखलात मात्र खडीचा खांब फुगून बाजूला पसरतो, त्यामुळे जाड चिखल असेल तिथे एकट्या स्टोन कॉलमवर विसंबू नका.

जड वजन उंचावरून आपटून जमीन दाबण्याची पद्धत मोकळ्या प्लॉटवर ठीक. शेजारच्या सोसायटीच्या काचा कोण भरून देणार?

टॉवरवाल्यांनी बिल्डरला दोन प्रश्न लेखी विचारावेत: प्रत्येक पाइल खडकात किती मीटर जाणार, आणि पोडियम, टाकी व ड्रेनेज लाइनखालच्या जमिनीचं काय करणार? इमारत जागेवर राहून बाहेरची जमीन फूटभर बसली, तर पहिल्यांदा तुटतो तो भिंतीतून बाहेर पडणारा पाइप. तिथे लवचीक जोड लावून घ्या.