कर्णाळ्याची हरियाळ वाट: सावर फुललेली असताना जा

कर्णाळ्याला बहुतेक जण किल्ला चढायला येतात. खाली मान घालून चालायचं, सुळक्यापाशी फोटो काढायचा आणि उन्हं चढायच्या आत उतरायचं. आम्ही मात्र गेल्या रविवारी फक्त तिथल्या पक्षी अभयारण्यातल्या हरियाळ वाटेसाठी गेलो. बाबांचं वय बहात्तर, त्यात गुडघे दुखतात. ही वाट सोपी आणि लहान आहे. इथली दुसरी, मोरटाक्याची वाट लांबची, ती त्यांना झेपली नसती.

पनवेलहून पेणकडे जाणारी पहिली एसटी पकडली आणि अभयारण्याच्या फाटकाशीच उतरलो. फेब्रुवारीचा शेवट, त्यामुळे झाडं निम्मी उघडी आणि पायाखाली पाचोळा. मला हाच काळ आवडतो. पावसाळ्यात जंगल हिरवंगार दिसतं खरं, पण पानांमागचा पक्षी काही दिसत नाही. आत्ता सावरीला पान नसतं, नुसती लाल फुलं असतात. त्यामुळे फांदीवर जे येईल ते लख्ख दिसतं.

वाटेत एका सावरीखाली आम्ही तासभर बसलो. आख्ख्या फेरीत पैसे वसूल झाले ते इथेच. आधी बुलबुल आले, मग सातभाईंचा गलका, मग साळुंक्या. सगळे फुलात डोकं खुपसून मध पीत होते, आणि बाहेर काढलेल्या कपाळावर परागांची पिवळी पूड. मधेच शिक्रा या शिकारी पक्ष्याची हाक आली आणि झाड एकदम रिकामं झालं. आम्ही आकाशात शिक्रा शोधत बसलो, तर बाबांनी माझा हात दाबला. "अगं, हलू नकोस. तो बघ." समोरच्या फांदीवर भृंगराज बसला होता. काळा कुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला दोन पिसं. हाक त्याचीच! दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हा हुबेहूब काढतो हे ऐकून होते, पण त्या आवाजाला अख्खं झाड फसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात एक फूल धप्पकन पाचोळ्यात पडलं. मी उचललं. हाताला चांगलं जड, पाकळ्या जाड आणि आतून गुळगुळीत, मधोमध केसरांचा झुबका. बुडाशी थेंबभर गोड पाणी, त्यात दोन मुंग्या आधीच पोचलेल्या. बाबा म्हणाले, "जिथलं तिथे ठेव, रात्री भेकर येऊन खाईल." ठेवलं.

पुढे पांगारा होता, त्याच्याभोवती शिंजीर भिरभिरत होते. वाटेकडेच्या धायटीला बारीक लाल नळ्यांसारखी फुलं लगडलेली. लहानपणी ती ओढून चोखायचो, असं सांगताना बाबा गुडघे विसरले होते.

आता गैरसोयीचं. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्याला चिरत जातो. ट्रकांची घरघर पहिला बराच वेळ पाठ सोडत नाही, आत गेल्यावरच ती विरते. फाटकाजवळ माकडं धीट आहेत, पिशवीतला खाऊ बाहेर काढू नका. आणि मोठ्या गटाबरोबर मुळीच जाऊ नका. गेल्या वर्षी मी एका सहलीवाल्यांबरोबर आले होते. चाळीस माणसं आणि एक माहितगार, त्याच्या हातात ध्वनिक्षेपक. दुपारपर्यंत आम्ही एकही पक्षी नीट पाहिला नाही. माहितगार हवाच असेल तर पाच-सहा जणांत घ्या.

हे अभयारण्य अवघं बारा चौरस किलोमीटरचं, १९६८ सालचं. एवढ्याशा जागेत इतकं आहे, म्हणूनच इथे चालण्यापेक्षा बसणं महत्त्वाचं. पहाटे पोचा, फिक्या रंगाचे कपडे घाला, पाणी घरून न्या, जमली तर दुर्बीण.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण महामार्गाने घालवला. परतताना करवंदीच्या जाळीला पांढऱ्या कळ्या दिसल्या. पंधरा दिवसांत फुलतील, तेव्हा पुन्हा येऊ असं बाबांनी एसटीत बसायच्या आधीच ठरवून टाकलं.