मालहम की बायबरी?

निसर्गासाठी इंग्लंडमधलं एकच खेडं बघायचं असेल, तर माझं मत यॉर्कशायर डेल्समधल्या मालहमला. कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी फोटोत जास्त दिसतं, हे खरं. दोन्हीकडे दगड चुनखडीचाच, पण बायबरीचा ज्युरासिक काळातला, मधाच्या रंगाचा. मालहमचा त्याहून कितीतरी जुना आणि राखाडी.

बायबरीत कोल्न नदीचं पाणी इतकं नितळ, की काठावरून ट्राउट मासे स्पष्ट दिसतात. अर्लिंग्टन रोच्या जुन्या घरांसमोर रॅक आयल हे पाणथळ कुरण आहे. पूर्वी विणकर तिथे लोकरीचं कापड वाळत घालत. सुंदर आहे, वादच नाही. पण गाव छोटं, आणि गर्दी फार.

मालहमला गावातून थोडं चाललं की सुमारे ८० मीटर उंचीचा कमानदार कडा समोर येतो. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी इथून कोसळायचं. आता ते जमिनीखालून वाहतं. डिसेंबर २०१५च्या वादळात मात्र कड्यावरून पुन्हा धबधबा पडला! कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात. माथ्यावर पावसाने झिजवलेली खडकाची फरसबंदी आहे. तिच्या खोल भेगांत वाकून बघाच: वाऱ्यापासून आणि मेंढ्यांपासून बचावलेले हिरवेगार नेचे आत वाढलेले असतात.

सोबत वयस्कर मंडळी असतील तर बायबरी सोयीचं. मालहमच्या माथ्यावर जायला शेकडो पायऱ्या आहेत, आणि ओला चुनखडक भयंकर निसरडा असतो. चांगल्या पकडीचे बूट हवेतच.